ती अंतर्धान पावली नाही, बा

तीर्थरूप बा,

रांजणाची तिवई, लोखंडी अँगलची. तिचा एक पाय अर्धा इंच आखूड, कारण लिंबाखालची जमीन त्या बाजूला वर आलेली आहे. रांजणाचं झाकण, साखळीसकट. लांब दांड्याचं ओगराळं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं टेकावं म्हणून चार फुटी बाकडं. तुझ्या काठीच्या टोकाची लोखंडी टोपी, तीनदा बदललेली. भाकरीचं फडकं अडकवायला लिंबाच्या फांदीवर आकडा, झाडाची साल दुखू नये म्हणून खाली रबराची पट्टी घातलेला. आणि मागच्या वर्षी तुझी तिरडी. हिरव्या बांबूची, सात आडव्या काड्यांची, सुंभानं आवळलेली. एकही खिळा नाही.

एवढं मी तुझ्यासाठी या दोन हातांनी केलं. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, शिरड शहापूरला वेल्डिंगचं दुकान चालवतो, आणि यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही, हे गिऱ्हाइकाला छाती पुढं काढून सांगतो.

आज ही यादी कशाला? चार दिवसांपूर्वी तुझं वर्षश्राद्ध झालं. तुझ्या लिंबाखाली त्या दिवशी एक गोष्ट घडली आणि मी गप्प राहिलो. काल त्याच गोष्टीचा कागद माझ्या सहीसाठी आला. तू असतास तर तुझ्याशी कडाकडा भांडलो असतो. आता भांडायला कागदच उरला, म्हणून लिहितोय.

सुरुवात तुझ्यापासूनच करतो. हे सगळं तुझ्या भाकरीपायी झालं!

घरात खाणारी तोंडं किती का असेनात, आई रोज एक भाकर जास्तीची थापायची. वाटसराची भाकर. तू ती वेगळ्या फडक्यात बांधून रानात न्यायचास, लिंबाला अडकवायचास आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी ती खाईपर्यंत स्वतः तोंडात घास घालायचा नाहीस. आपलं रान किती, तर अडीच एकर कोरडवाहू. विहीर होळीच्या आतच तळ दाखवायची. तुझ्या दोन बंड्या, एक अंगात आणि एक दोरीवर. आणि ऐट काय, तर आपल्याकडं रोज देव जेवून जातो!

दुपार कलली आणि कुणी फिरकलं नाही, की तू सरळ रस्त्यात जाऊन उभा राहायचास. एकदा तर तू एसटी थांबवलीस. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"काय काका, कुठं जायचं?"

"कुठं न्हाई."

"मग हात काहून केला?"

"भाकर खाता का? ज्वारीची हाय. संगं ठेचा बी हाय."

मागून कंडक्टर ओरडला, "अहो चला, औंढ्याला उशीर होऊन राहिला!" पण ड्रायव्हर खाली उतरला, बा. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून त्यानं अर्धी भाकर खाल्ली आणि अर्धी कंडक्टरच्या हातात कोंबली. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती आणि मी लाजेनं विहिरीच्या आड लपलो होतो. पुढं बदली होईस्तोवर तो ड्रायव्हर आपल्या लिंबापाशी हॉर्न वाजवून जायचा. त्याचं नाव काय होतं? तुला माहीत नव्हतं. मलाही माहीत नाही.

माझा तुझ्यावरचा खरा राग हाच. नाव विचारायचं नाही हा तुझा नेम!

"बा, निदान नाव तरी विचारत जा," मी म्हणायचो.

"इचारलं अन् त्यो देवच असला तर? खरं सांगता येत न्हाई त्याला. खोटं सांगावं लागंल. आपल्या भाकरीपायी देवाला खोटं बोलाया लावायचं काहून?"

असली तिढ्याची श्रद्धा मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. लोक देवाकडं काही ना काही मागतात. तू त्याची अडचण होऊ नये म्हणून जपायचास.

गारपीट झाली ते साल मात्र मी विसरलेलो नाही. मी दहा वर्षांचा होतो. घरात ज्याला त्याला अर्धी भाकर, आणि लिंबाला टांगलेली मात्र अख्खी. मी त्या फडक्याकडं बघत खाली बसून होतो. तेवढ्यात खांद्यावर भाता घेतलेला एक कल्हईवाला आला. तू त्याला बसवलंस, पाणी दिलंस, फडकं सोडलंस. मी म्हणालो, "बा, मला भूक लागली." तू काय म्हणालास? "आपुन घरचे. घरच्यानं थांबावं." आज मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, आणि ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

त्या माणसानं भाकर मोडली, मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "खा, अन् मंग भात्याला ये." दुपारभर त्यानं मला भाता ओढायला बसवलं. कुठल्या रंगाला धातू वळतो, कुठल्या रंगाला हातचा जातो, ते बोट दाखवून सांगितलं. हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. कुणी शिकवलं नाही असंच सांगत आलो, कारण ज्यानं शिकवलं त्याचं नाव मला ठाऊक नाही. विचारलंच नाही मी. तुझा लेक ना!

आता त्या श्रावणाचं बोलू. दोन वर्षांमागचा, शेवटचा सोमवार. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तू पायी औंढ्याला निघालास. मी म्हणालो, मोटरसायकलवर सोडतो. "गाडीवर बसून जायला मी काय नागनाथाचा पाव्हणा हाय का?" असं मलाच सुनावलंस. मोबाइल घरी ठेवलास, देवासमोर वाजला तर काय म्हणून. सोबत काठी आणि फडक्यात वाटसराची भाकर.

दर्शन करून येताना नळकांडी पुलापाशी तुला चक्कर आली. कपाळ दगडावर आपटून फुटलं. मी त्या दिवशी पत्रे आणायला नांदेडला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तू मला हिंगोलीच्या दवाखान्यात सापडलास. खाटेवर बसून दूध पीत होतास. कपाळाला टाके, आणि तोंडभर हसू!

"नागनाथ आला व्हता रे," तू म्हणालास. "बाईच्या रूपानं."

नर्सनं खरं ते सांगितलं. कुणी एक बाई तुला टेम्पोत घालून घेऊन आली. कोण लागता, असं विचारल्यावर लेक म्हणाली आणि कागदावर अंगठा दिला. दीड दिवस तुझ्या खाटेखाली बसून राहिली. तुझं तोंड धुतलं, भांडं दिलं, दूध पाजलं. आणि अर्ध्या तासापूर्वी, साडेचारची काळी-पिवळी सुटेल म्हणून, निघून गेली. मी अड्ड्यावर पळत गेलो. जीप निघून गेली होती.

"नाव काय तिचं?" मी परत येऊन विचारलं.

"इचारलं न्हाई."

"बा, दीड दिवस ती तुझं सगळं करत होती!"

"म्हून तर इचारलं न्हाई."

"देवाला कागदावर अंगठा उठवावा लागत नाही, बा!" मी एवढ्यानं ओरडलो, की नर्सनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. कागदावर तो निळा अंगठा होता. शेजारी नातं लिहिलं होतं, मुलगी. नावाच्या जागी डॉक्टरी अक्षरातलं एक वेटोळं.

तिची एकच वस्तू मागं राहिली होती. टेम्पोत तुझं रक्त थांबवायला तिनं स्वतःची ओढणी फाडून तुझ्या कपाळाला बांधली होती, तो तुकडा. लाल, कडेला आरसे टाकलेला. अकरा आरसे गोल, एक तिकोनी. फुटलेल्या जागी नंतर बसवलेला. तो खिशात घालून मी चार महिने दर सोमवारी दुकान बंद ठेवलं आणि त्या रस्त्यालगतचे तांडे पालथे घातले. शेवटी एका तांड्यावर एका म्हातारीनं तो तुकडा हातात घेतला आणि उलटा करून बघितला. सुलटा नाही, उलटा! कारागीर माणूस टाका मागच्या बाजूनंच बघतो. मला तिथंच खात्री पटली.

"हा हात झमकूचा," म्हातारी म्हणाली.

झमकूबाई आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, हातात शेळीचा पाला.

"म्हातारबा बरं हायत का?" तिनं आधी हे विचारलं.

"बरे आहेत. लेक म्हणून काहून सांगितलं तुम्ही?"

"मंग काय सांगू? त्यो लिवणारा इचारे, कोण लागता. रस्त्यात सापडले म्हणलं, तर म्हणे पोलीस येऊ द्या. तवर म्हातारबा ऱ्हायले असते का? मंग झाले मी लेक." आणि हसायला लागली. "माह्या दोन शेळ्या बी व्हत्या टेम्पोत. त्या कुठं सोडू? दवाखान्याच्या गेटाला बांधल्या, तर वाचमन म्हणे, ह्या कोण लागत्यात?"

मी पैसे काढले, तिनं माझा हात परत खिशात घातला. निघताना मागून हाक मारली. "त्यांच्या फडक्यात भाकर व्हती. डागदरनं त्यास्नी दूधच सांगितलं, म्हून मी खाल्ली. सांगा त्यास्नी. चांगली व्हती, मीठ कमी व्हतं."

मी घरी कसा आलो, तुला काय सांगू! चार महिन्यांची पायपीट करून मी तुझ्यासाठी एक नाव घेऊन आलो होतो. भाकरीचं सांगितलं तेव्हा तुझे डोळे लकाकले. "खाल्ली ना तिनं? झालं तर मंग!" आणि मी म्हणालो, "बा, तिचं नाव..." तर तू दोन्ही हात कानांवर ठेवलेस! लहान लेकरासारखे, घट्ट! मी गोठ्यात जाऊन बसलो. तू नंतर आठ महिने जगलास. मी नाव काढलं की तुझे हात कानांवर जायचे.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण तू ती कथा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलीस. बाई आली, देव होती, गेली. नाव नाही, गाव नाही. बिननावाची गोष्ट म्हणजे बिनमालकाचं जनावर, बा. ज्याला वाटेल त्यानं दावं लावावं! तू गेल्यावर गावातल्या मंडळानं लावलं. आता आपल्या लिंबाखाली त्यांना देवीचं प्रकटस्थान बांधायचंय, सभामंडपासह. पत्रकं छापली. त्यात गोरीपान देवी आहे, हिरवा शालू, डोक्यावर मुकुट, आणि पायाशी हात जोडून बसलेला एक म्हातारा. तो म्हणे तू! तू जन्मात कधी एवढा स्वच्छ नव्हतास.

वर्षश्राद्धाला मी झमकूबाईला बोलावलं होतं. ती आली, रांजणातलं पाणी प्याली, बाकड्यावर पत्रावळ घेऊन बसली. मी पंगतीत बुंदी वाढत होतो. एवढ्यात मंडळाचा एक माणूस मोजायची टेप घेऊन आला.

"मावशे, ऊठ तिथून. माप घ्यायचंय. देवी बसणार हाय इथं."

ती उठली, बा. बाकडं स्वतःच्या पदरानं पुसलं. "कोन्ती देवी?" तिनं विचारलं. खरंच माहिती हवी म्हणून विचारलं. त्यानं बाकड्यावर टेप पसरली. ती पत्रावळ घेऊन बांधावर जाऊन बसली. आणि मी? हातात बुंदीची परात, समोर पाहुणे, भटजी घाईत. मी पुढच्या पत्रावळीवर बुंदी वाढली. तुझा लेक, सगळ्या मुलखात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, त्या घटकेला मुका झाला! माझ्याच हातचं बाकडं, त्यावरून तिलाच उठवलं, आणि मी बुंदी वाढत राहिलो!

काल मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. गोड बोलणारा माणूस. कागद पुढं केला. वडिलांना दर्शन देऊन ती स्त्री अंतर्धान पावली, असं त्यात लिहिलेलं, खाली माझ्या सहीची जागा. ओढणीचा तुकडाही हवा होता, काचेच्या पेटीत ठेवायला.

"अंतर्धान पावली नाही," मी म्हणालो. "साडेचारच्या काळी-पिवळीनं गेली. दोन शेळ्यांसकट. शेळ्यांचं भाडं वेगळं देऊन."

"तुमचे वडीलच म्हणायचे ना, देव होता म्हणून?"

"म्हणायचे."

"मग तुम्ही बापाला खोटं पाडून राहिले का?"

बघ, बा! तुझा शब्द माझ्यावर कसा फिरवला! मी म्हणालो, मग तिचंच नाव लावा ना वर. तर ते हसले, आवाज खाली आणला. "तांड्यावरच्या बाईच्या नावानं लोक नारळ फोडायला येतील का? तुम्हीच सांगा."

माझ्या हातात ग्राइंडर होता. तो मी बंद केला, नीट खाली ठेवला, मग बोललो. "माझा बा तिला देव म्हणायचा. तुम्ही तिला 'मावशे, ऊठ' म्हणालात. त्याचं आणि तुमचं एक नाही." तीन दिवस उशिरा निघालं तोंडातून, पण निघालं.

ते गेल्यावर मी दुकानाचं शटर ओढून तांड्यावर गेलो. झमकूबाईच्या पाया पडलो, झालेलं सगळं सांगितलं. पत्रक दाखवलं. तिनं ते लांब धरून, जवळ धरून बघितलं.

"ह्यात शेळ्या कुठं हायत?" ती म्हणाली.

बा, मी किती दिवसांनी हसलो!

आता एक गोष्ट कबूल करायची राहिली. तू गेलास त्या सकाळी, तुझा श्वास वर लागला तेव्हा, भावकीतली म्हातारी माणसं मला म्हणाली, कानात देवाचं नाव घे. मी तुझ्या उशाशी वाकलो. तुझे हात आईनं हातात धरले होते, ते कानांवर जाऊ शकत नव्हते. सगळ्यांना वाटलं मी नागनाथ म्हणालो. मी झमकूबाई म्हणालो. तीनदा. तू ऐकलंस का? तुझ्या भुवया हलल्या होत्या. रागानं हलल्या, की अजून कशानं? एवढं तरी कळवायचंस!

वर गेल्यावर तरी तुला कळलं असेल, तिथं काळी-पिवळी जाते की नाही ते. चेष्टा करतोय. रागात माझं असंच होतं, तुला ठाऊक आहे.

तर आता माझा शब्द ऐक. वाटसराची भाकर चालू राहील. तुझी सून थापते, मी दुकानावर जाण्याआधी आकड्याला अडकवतो. मीठ आता थोडं जास्त घालतो. बाकड्यावर मी तीन मिलिमीटरच्या पत्र्यातून कापलेली अक्षरं बसवणार आहे: झमकूबाई. पाठीच्या पट्टीवर बसवणार होतो, पण तिला विचारायला गेलो तर ती म्हणाली, "खाली पायाशी लाव, टेकणाऱ्याला टोचंल." म्हणून पायाशी लावीन. कडा घासून, हात फिरवला तरी लागणार नाही अशा.

आणि तुझा नेम मी मोडणार. जो कुणी ती भाकर खाईल, त्याला मी नाव विचारणार. एखादा खरंच देव निघाला आणि त्यानं खोटं नाव सांगितलं, तर सांगू दे. मी ते खोटं नावसुद्धा लक्षात ठेवीन. कानांवर हात ठेव हवं तर!

तुझा, घरचा म्हणून थांबलेला लेक,
किसन

ता. क. मंडळ काय देत होतं, ते लिहायचं राहिलं. लिंबाखालची एक गुंठा जागा, बाकडं, रांजणाची तिवई, ओढणीचा तुकडा आणि 'अंतर्धान पावली' या शब्दांखाली माझी सही, सगळ्याचे मिळून पाच लाख एक रुपये. वरचा एक रुपया शुभाचा म्हणून अध्यक्षांनी दुकानातल्या ऐरणीवर ठेवला होता. मी पाच लाखांना नाही म्हणालो, आणि तो रुपया उचलून त्यांच्या हातात परत दिला.